आभार बाबा मानतील

मी अमेरिकेला निघाले तेव्हाही बाबांनी भाषण केलंच. ऐंशीच्या दशकातली डोंबिवली. आमच्या इमारतीतून परदेशी जाणारी मी पहिली, त्यामुळे सहार विमानतळावर न्यायला आलेल्या जीपभोवती अख्खी इमारत उतरलेली. आईने हातावर दही ठेवलं, खालच्या काकूंनी लाडवांचा डबा पिशवीत कोंबला, आणि बाबा जीपच्या पायरीवर चढून आभार मानायला लागले. जीपवाल्याचे, बॅगेला दोरी बांधणाऱ्या जोशीकाकांचे, दह्यासाठी विरजण देणाऱ्या शेजारणीचेसुद्धा.

"अहो, विमान काय तुमच्यासाठी थांबणार आहे?" आई कावली.

त्यांना खोडच होती ती. नोकरी कल्याणला कारकुनाची, पण जीव सगळा वाचनालयाच्या व्याख्यानमालेत. दरवर्षी आभारप्रदर्शन त्यांच्याकडे. पाहुण्यांचे आभार ते तोंड भरून मानत. मग ठाकुर्लीचा माइकवाला सदा आणि सतरंज्या घालणारी पोरं, यांच्याकडे हात करून म्हणत, "आणि हे तर घरचेच. घरच्यांचे आभार मानायचे नसतात." टाळ्या तिथे पडत. सदाची मान ताठ व्हायची.

त्या दिवशी जीपच्या पायरीवरून त्यांनी सर्वात शेवटी माझ्याकडे हात केला. "ही घरचीच. शिकेल आणि येईल." मग नाक शिंकरायला ते जीपच्या मागे गेले.

तिकडे गेले आणि पहिल्याच वर्षी माझी फजिती झाली. विद्यापीठात दर शुक्रवारी दुपारी सगळ्या खात्यांतले संशोधक दहा-दहा मिनिटं बोलत. कुणी खेकड्याच्या मज्जातंतूंवर, कुणी मरणाऱ्या ताऱ्यांवर, आणि मग आम्ही कृत्रिम बुद्धिमत्तावाले. हाताने लिहिलेले आकडे कॉम्प्युटरला वाचायला शिकवायचे, हे माझं काम. मी डोंबिवलीच्या वळणाने सुरुवात केली: अध्यक्षांचे आभार, प्राध्यापकांचे आभार, सँडविच आणणाऱ्या बाईंचे आभार. शिवाय विषयाची पार्श्वभूमी! माझा कॉम्प्युटर पहिला आकडा ओळखणार, तेवढ्यात घंटा वाजली. लोक सभ्यपणे हसले. रडू आलं मला, राग त्याहून जास्त.

मग शिकले. हट्टाने शिकले. प्रश्न काय, केलं काय, मिळालं काय, आणि प्रोजेक्टरवर ठेवायच्या शेवटच्या पारदर्शक कागदावर, ट्रान्सपरन्सीवर, 'पुढे काय'. बस्स. ही घाई हळूहळू अंगातच भिनली. फोनवरही मी तसंच बोलायला लागले, तिथे तर मिनिटागणिक पैसे पडत. बाबा दर वेळी एकच विचारत, "परत कधी?" मी म्हणे, "हातातलं एवढं झालं की." आणि ते 'एवढं' संपायचं नाव घेत नव्हतं. खरं सांगू? मलाही ते संपायला नको होतं. आणि नको होतं म्हणून झोप लागत नव्हती.

नव्वदीच्या सुरुवातीला सुट्टीवर आले तेव्हा वाचनालयाने मलाच व्याख्यानाला बोलावलं. बाबा आठवडाभर हवेत. मला मात्र दोन खोल्यांत बसवेना, उभं राहवेना. गॅलरीतून आत, आतून गॅलरीत. तिकडे कायमची नोकरी मिळत होती आणि मी होकार देऊन आले होते. सांगायचं होतं. रोज ओठांवर यायचं, की आई पुढ्यात थालीपीठ आपटायची. "खा आधी. काटकुळी झालीयेस नुसती."

व्याख्यानाला सभागृह भरलेलं. प्रोजेक्टर कॉलेजातून मागून आणलेला. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सफारीत. कॉम्प्युटर चार आणि नऊ यांच्यात कसा घोटाळा करतो, चुकता चुकता कसा शिकतो, हे मी सांगितलं. मराठीत सांगताना मजाही आली. तिकडून आणलेल्या ट्रान्सपरन्सी एकामागून एक ठेवत गेले आणि सवयीने शेवटचीही ठेवली. बोलूनही गेले, "पुढची पाच वर्षं मी आमच्या तिकडच्या प्रयोगशाळेत..."

वाक्य तिथेच राहिलं. बाबांनी चष्मा काढला आणि सफारीच्या टोकाने पुसायला घेतला.

लोक पुढचं ऐकायला बसलेलेच. दहा मिनिटंच झाली होती! तिसऱ्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "प्रस्तावना छान झाली हो. आता विषयाला सुरुवात करा." हशा पिकला. विषय संपलाय हे अध्यक्षांनी कसंबसं समजावलं आणि आभारांसाठी बाबांना बोलावलं.

त्यांनी अध्यक्षांचे आभार मानले, कॉलेजचे मानले. मी वाट पाहत होते, आता माझ्याकडे हात करतील. हात केला नाही. "आपल्या पाहुण्या वक्त्या," ते म्हणाले, "कामाच्या एवढ्या गडबडीतून वेळ काढून, इतक्या लांबून आल्या. मी त्यांचे मनःपूर्वक आभार मानतो." मला 'त्या' म्हणाले! नारळही दिला हातात. मग माइकवाल्या सदाकडे हात करून, "हे तर घरचेच." टाळ्या.

घरी जाताना मी रस्त्यातच भांडले. "बाबा, माझे आभार कशाला मानलेत? मी कोण आहे?"

"पाहुण्यांचे मानतात. पद्धत आहे."

"मी सांगणारच होते हो."

"आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं गं," ते म्हणाले. "थोडी तालीम केली असती. आवाज कापला माझा." नारळ माझ्या हातातून काढून त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकला. "नीट राहा तिकडे. आता 'परत कधी' नाही विचारणार."

आणि खरंच, शेवटपर्यंत नाही विचारलं. मी किती वाट पाहिली त्या प्रश्नाची!

तुम्ही जे माझ्यासारखे गेलात, आणि तुम्ही जे मागे घरीच राहिलात, तुम्हाला वाटत असेल, आता हिचं बस्तान बसलं. बसलंय की. देशोदेशी बोलावतात, घंटेच्या आत बोलते, कुणीतरी उठून आभार मानतं. अजून वाटतं, कुणीतरी माझ्याकडे नुसता हात करेल आणि पुढे जाईल.

बाबा नाहीत आता. आई आहे, त्याच दोन खोल्यांत. विमानातून उतरून, जिने चढून मी दारात उभी राहते. ती कडी काढते, मला वरून खाली बघते.

"आलीस? मग येताना कोथिंबीर नाही का आणायची? जा, घेऊन ये."

मी बॅग दारातच टाकते आणि धावत जिना उतरते.