दोन बोटांची जागा

दत्तूमामा पेंटर पाटीवर ब्रश टेकवण्याआधी दोन शब्दांच्या मध्ये स्वतःची दोन बोटं ठेवून बघायचे. "अक्षर कुनीबी काढतंय की. जागा सोडाय आली पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उद्यमनगरातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. कोपऱ्यातली सही मात्र गिऱ्हाइकानं पाटीसमोर उभं राहून 'बरोबर' म्हटल्याशिवाय करायचे नाहीत.

फ्लेक्स आले आणि मामांचं काम बसलं. माझ्या वर्कशॉपला विमानाच्या सुट्या भागांचं काम मिळालं, तेव्हा नव्या नावाची पाटी मी हट्टानं त्यांनाच सांगितली. चार दिवसांनी पाटी आली : 'एरो स्पेस'. मध्ये ऐसपैस जागा आणि त्या जागेत लालभडक बाण!

"हे काय, मामा?"

"एरो म्हंजे बाण. स्पेस म्हंजे जागा. बाणाला जागा सोडलीया की!"

कामगार पोट धरून हसले. मीही हसलो. मग सांगितलं, हा एरो मूळचा ग्रीक, म्हणजे हवा. स्पेस म्हणजे हवेपलीकडचं अवकाश. सत्तरएक वर्षांमागं अमेरिकेत दोन्ही जोडून एकच शब्द केला, कारण हवा विरळ होत होत संपते, मध्ये रेघ कुठेच नाही.

मामा पायरीवर बसले. सगळा जन्म थिनरच्या वासात गेलेला, बोलताना धाप लागायची.

"म्हंजे हवा कुठं संपली, कळतच न्हाय?"

"नाही."

"मग जागा सोडून चुकलंच की माझं. आणा हिकडं, नवी करतो."

पण दोन दिवसांत मोठ्या कंपनीची माणसं पाहणीला येणार होती. मी घाईनं फ्लेक्स लावला. मामांनी तो येता-जाता पाहिला असणारच. तरी पाटी झाल्याचे त्यांचे तीन निरोप आले. मी 'येतो, येतो' म्हणत राहिलो. खरं सांगायचं तर त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती.

गेल्या महिन्यात मामा गेले. शेवटचे आठ दिवस ऑक्सिजनवर होते. नंतर त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर मामी म्हणाल्या, "सारखं इचारायचं, मालक आलं का पाटी बघाय?"

पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. 'एरोस्पेस'. बाण नाही, फट नाही, वर एकच सलग शिरोरेषा. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि 'बरोबर' म्हणालो. खालच्या कोपऱ्यात सहीपुरती दोन बोटं जागा रिकामी होती.