एक सूत कमी

वेल्डा प्रुइटने ताकात भिजवलेलं, मऊ पावासारख्या बिस्किटांचं पीठ नुकतं ओट्यावर थापलं होतं आणि शेगडीवर सॉसेजची ग्रेव्ही रटरटत होती, तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

वेल्डाचा हात जागीच थांबला. तिच्याकडे येणारा माणूस मागून, गॅरेजकडून येतो. पाट्या रंगवायचं काम तिथेच चालतं, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. पुढच्या दाराने दोनच प्रकारचे लोक येतात, असं तिचं मत होतं: देव विकणारे, आणि पोटात काहीतरी ठेवून येणारे. तिने आधी शेगडी बारीक केली, मग पडद्याच्या कडेने पाहिलं.

बाहेर डॉइल हार्गिस उभा होता. पशुखाद्याच्या दुकानाचा मालक, पन्नाशीचा, गोलमटोल. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात कागदाचं पाकीट. डॉइल टोपी फक्त प्रार्थनेला काढायचा, नाहीतर काही मागायचं असलं की.

"मिस वेल्डा, झोपेतून तर नाही ना उठवलं?"

"पाचला उठते मी, आणि ते तुला माहीत आहे. बूट पूस आणि आत ये."

"काय घमघमाट सुटलाय."

"घमघमाटासाठी तू पुढच्या दाराने आला नाहीस. बैस."

डॉइल बसला. पाकीट त्याने टेबलावर ठेवलं, मग उचललं, मग पुन्हा ठेवलं. वेल्डाने डब्याच्या झाकणाने बिस्किटं कापायला घेतली, पण नजर पाकिटावरून हलू दिली नाही.

बोडार्क क्रॉसिंगला स्टेट लाइन नावाचा रस्ता गावाच्या मधोमध जातो. रस्त्याची पश्चिमेची बाजू टेक्सास राज्याची, पूर्वेची आर्कान्साची. इकडे केस कापायचे, तिकडे दात काढायचे, असं आमचं सगळं चालतं. पण कमरेला पिस्तूल लावणाऱ्याला तो रस्ता ओलांडताना डोकं जागेवर ठेवावं लागतं. आर्कान्साच्या बाजूला दुकानदाराने दारावर 'पिस्तूल बाळगण्यास मनाई' एवढंच लिहिलं तरी पुरतं, फक्त ते दहा फुटांवरून नीट वाचता आलं पाहिजे. टेक्सासच्या बाजूला मात्र कायद्यात दिलेला अख्खा परिच्छेद लिहायचा, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, आणि एकेक अक्षर किमान एक इंच उंच. अर्ध्या दाराएवढी पाटी होते. अशा पाट्या गावात एकच बाई रंगवत आली होती. वेल्डा.

हे काम तिच्या वडिलांचं. पाच भावंडांत ज्याचा हात थरथरत नाही त्याच्याकडे ब्रश द्यायचा, असं त्यांनी ठरवलं आणि तो वेल्डाकडे आला. ब्रशबरोबर त्यांची लाकडी फूटपट्टीही आली. टोकांना पितळेच्या टोप्या होत्या. त्यातली सुरुवातीची टोपी कधीच गळून गेली होती, शेवटची अजून चमकायची. कलिंगडांच्या टपऱ्या, चर्चचे फलक, होड्यांची नावं, सगळं तिने त्या पट्टीवर आखून रंगवलं. नवरा रॉइस रेल्वेत होता. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. तो हसत म्हणायचा, वेल्डा माझ्यावर विश्वास ठेवते, पण मोजून. खोटं नव्हतं. औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या ती घरी येऊन मोजायची. टर्पेंटाइनच्या डब्यावर पेन्सिलीने खूण करून ठेवायची, म्हणजे कोणी चमचाभर काढलं तरी कळावं. बहात्तर वर्षांत तिने शंका घेतली नाही अशी एकच वस्तू होती, आणि ती गॅरेजमधल्या खिळ्याला टांगलेली होती.

"लेस्टर फँटचं ऐकलंत ना?" डॉइल म्हणाला.

ऐकलं होतं. लेस्टर समोरच्या बाजूचा, आर्कान्साचा. चाळीस वर्षं लेथ मशीनवर काम करून निवृत्त झालेला. दोन आठवड्यांपूर्वी तो शर्टाखाली पिस्तूल लावून टेक्सासच्या बाजूला, डॉइलच्या दुकानात कोंबड्यांचं खाद्य घ्यायला गेला, आणि ते दिसताच डॉइलने सरळ पोलिसांना फोन केला. लेस्टरवर खटला भरला गेला. डॉइलने मनाईची पाटी काही हौसेने लावली नव्हती. पूर्वी एका गिऱ्हाइकाचं पिस्तूल वाकताना खाली पडलं होतं आणि त्यातली गोळी मक्याच्या पोत्यात घुसली होती. डॉइलची बायको त्या पोत्यापासून दोन हातांवर उभी होती.

"गुरुवारी छोट्या कोर्टात तारीख आहे," डॉइल म्हणाला. "लेस्टर म्हणतो, पाटीच कायद्याची नाही. म्हणे अक्षरं एक इंच भरत नाहीत."

वेल्डाच्या हातातलं झाकण थांबलं. "कोण म्हणतं?"

"तोच. म्हणून हे आणलंय." त्याने पाकिटातून कागद काढला. "फक्त सही. बँकेतल्या नोटरीसमोर. दहा मिनिटांचं काम."

वेल्डाने हात पुसले आणि चष्मा लावून वाचलं. मी, वेल्डा मे प्रुइट, शपथेवर सांगते की सदर पाटी मी स्वतः रंगवली असून तिच्यावरील प्रत्येक अक्षराची उंची पूर्ण एक इंच आहे.

"माझं मधलं नाव तुला कोणी दिलं?"

"चर्चच्या यादीत असतं, मिस वेल्डा."

"आणि टाइप करूनच आणलंस. मी काय म्हणेन ते मी म्हणायच्या आधी."

"तुम्ही दुसरं काय म्हणणार?"

खरं तर दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं. तरीही वेल्डाला तो कागद पटेना. लेस्टर इतका खात्रीने बोलतो म्हणजे त्याच्या मागे काहीतरी असणार. आणि मग तिला आठवलं, लेस्टरची मुलगी नॅडीन. तिने मशीन घेतलं होतं, स्टिकरची अक्षरं कापायचं. वेल्डाच्या पाट्या कोर्टात एकदा खोट्या ठरल्या की दवाखाना, बँक, चर्चचं सभागृह, सगळा टेक्सासचा रस्ता नॅडीनच्या दारात उभा राहणार. कोंबड्यांच्या खाद्याचं निमित्त. बाप पिस्तूल घेऊन जातो, मुलगी स्टिकर कापते.

"सही करते," ती म्हणाली. "पण आधी मोजते."

"तुमचीच पाटी तुम्ही मोजणार?"

"मीच मोजणार. दुसऱ्या कोणाच्या मोजण्यावर मी सही करत नाही. बिस्किटं भट्टीत घालते, ती झाली की निघू. तूही वाटेत दोन खा, म्हणजे तोंड भरलेलं राहील आणि माझ्याशी गोड बोलणार नाहीस."

अर्ध्या तासाने दोघं दुकानापाशी पोचले. वेल्डाच्या काखेत फूटपट्टी होती. दाराशेजारी तिची पाटी, पांढऱ्यावर काळी अक्षरं, सहा वर्षांची. आधी तिने बोटाने रंग चाचपला. पाटी कोणी बदलली तर नाही? नव्हती बदलली. स्पॅनिशमधल्या एका अक्षरावरची खूण तिने मागाहून घातली होती, ती तशीच होती. मग तिने पट्टी लावली. उघडं टोक अक्षराच्या पायाशी, डोक्याशी एकचा आकडा. बरोबर एक इंच. खालची ओळ मोजली. एक इंच. कोपऱ्यातलं बारकं वाटणारं अक्षर मोजलं. एक इंच.

छातीवरचं ओझं उतरलं तसं तिला लेस्टरचा आणखी राग आला.

"आण तुझा कागद," ती म्हणाली.

"थांब जरा, वेल्डा."

लेस्टर फँट रस्त्याच्या पलीकडून येत होता. उंच, वाकलेला, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. फुटपाथवर येऊन त्याने शर्ट किंचित वर केला. "आज पट्ट्यात काही नाही. डॉइल, फोन खिशात ठेव."

"तू बाहेरच उभा राहा," डॉइल म्हणाला.

"बाहेरच आहे. पाटी बाहेरच आहे ना?" त्याने शर्टाच्या खिशातून वीतभर लांबीची पोलादी पट्टी काढली. लेथवरच्या माणसाचा खिसा, त्यात पेनाऐवजी तीच असायची. "हिने मोज."

"तुझ्या पट्टीने मी कशाला मोजू? कुठून आणलीस, कोणी घासली, मला काय ठाऊक."

"चाळीस वर्षं हिच्यावर केसाएवढं माप घेतलंय मी."

"आणि नॅडीन स्टिकर किती इंचांचे कापते?"

लेस्टर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो हसला, पण आवाज न करता. "म्हणजे तुझ्या डोक्यात हे चाललंय होय. अगं, नॅडीनने ते मशीन मागच्या वर्षीच विकलं. कोणी घेतच नव्हतं तिची अक्षरं. सगळ्यांना तुझीच हवीत."

वेल्डाला हे खरं वाटलं नाही. पण ते खोटं कसं ठरवायचं, हेही सुचलं नाही. तिने पोलादी पट्टी दोन बोटांत धरली, जशी मेलेली पाल धरावी, आणि अक्षराला लावली.

इंचाचे आठ भाग केले तर त्यातला एक, सुतार ज्याला सूत म्हणतात, तेवढं अक्षर कमी होतं. दुसरं अक्षर. एक सूत कमी. कोपऱ्यातलं. एक सूत कमी.

"बघितलंस?" लेस्टर म्हणाला.

"बघितलं की तुझी पट्टी लबाड आहे."

"नाहीतर तुझी."

"ही माझ्या बापाची आहे."

"बापाची असली म्हणजे इंच मोठा होत नाही, वेल्डा."

"पुरे झालं," डॉइल मध्ये पडला. "मिस वेल्डांची पट्टी म्हणते एक इंच. दोन पट्ट्या, दोन मतं. चला, नोटरी बँकेत बसलाय." आणि त्याने कागद पुढे केला.

वेल्डाने कागद घेतला. आता तिला दोघांचाही संशय येत होता. एकाला घाई होती म्हणून, दुसऱ्याला अजिबात नव्हती म्हणून. हातातल्या कागदाकडे बघता बघता तिला दिसलं की तिसरी पट्टी तिच्याच हातात आहे. टाइप करायचा कागद या देशात सगळीकडे एकाच मापाचा, अकरा इंच लांब, साडेआठ रुंद. तो डॉइलनेही घासला नव्हता आणि लेस्टरनेही.

तिने कागद खिडकीच्या कट्ट्यावर पसरला आणि बापाची पट्टी लांबीला लावली. कागद अकरावर संपला नाही. एक सूत पुढे गेला. रुंदीला लावली. साडेआठ आणि वर एक सूत.

पुन्हा लावली. तेच.

तिचा अंगठा पट्टीच्या उघड्या टोकावर फिरत होता, जिथे पितळेची टोपी असायची. रॉइसने पिकअप मागे घेतली होती आणि पट्टी चाकाखाली आली होती. लाकूड वाचलं, टोपी गेली. रॉइस म्हणाला, नवी घेऊ. ती म्हणाली होती, कशाला, आकडे तर सगळे आहेत. टोपी एक सूत जाड होती आणि पहिला इंच तिच्या टोकापासून सुरू व्हायचा, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आणि तेव्हा तिची बहुतेक कामं आर्कान्साच्या बाजूची होती. दहा फुटांवरून वाचता आलं की झालं. तिथे सुताने कोणाचं काही अडत नव्हतं. टेक्सासच्या इंची पाट्या त्यानंतर आल्या. म्हणजे सगळ्या. दवाखान्याची, बँकेची, चर्चच्या सभागृहाची. एकूण एक.

"तुला केव्हापासून माहीत आहे?" तिने लेस्टरला विचारलं.

"चार वर्षं. रांगेत उभा होतो, हाताला काम नव्हतं, मोजली. मग दुसऱ्या पाट्याही मोजल्या. तेव्हापासून दुकानात शिरताना पिस्तूल गाडीत ठेवायचं सोडून दिलं. माझा आर्कान्साचा परवाना इकडे चालतो, आणि पाटी चालत नाही."

"चार वर्षं. आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस."

"तुला कोण सांगणार? तू औषधवाल्याच्या गोळ्या मोजतेस."

डॉइल घसा खाकरत जवळ आला. आवाज एकदम मऊ झाला होता. "मिस वेल्डा, रंगवलंत तेव्हा तुमच्या पट्टीवर एक इंचच होता ना? मग शपथ खोटी कशी? कागद काय, दमट हवेने फुगतो. लेस्टर सुटला तर उद्या सगळा पलीकडचा रस्ता कंबर फुगवून माझ्या दुकानात येईल. माझ्या बायकोचं काय? आणि तुमच्या नावाचं काय? गाव म्हणेल, वेल्डा प्रुइटच्या पाट्या—"

"गाव म्हणेल ते मी ऐकेन. तुझ्या बायकोला पाटी हवी आहे, सही नव्हे. पाटी मी देते."

तिने कागदाची घडी घातली, आणखी एक घातली आणि डॉइलच्या शर्टाच्या खिशात खोचली. "तासाभरापूर्वी मी सही केली असती तर ती खरी असती. आता मला माहीत झालंय. गुरुवारी मीच येते कोर्टात आणि सांगते."

"माझ्या विरुद्ध?"

"माझ्या विरुद्ध. तुझी पाटी आधी करीन, आजच. मग बँकेची. रंग माझा."

डॉइलने टोपी डोक्यावर घातली. त्याला आता काही मागायचं उरलं नव्हतं. तो दुकानात गेला आणि दार जरा जोरातच लागलं.

लेस्टरने पोलादी पट्टीसाठी हात पुढे केला. वेल्डाने ती दिली नाही. तिने ती उन्हात धरली, दोन्ही टोकं एकेक करून नखाने तपासली, कुठे झीज आहे का, कुठे घासलंय का. काहीच नव्हतं. तरी तिने आणखी एकदा पाहिलं.

"काय झालं?" लेस्टर म्हणाला. "अजून विश्वास नाही?"

"तुझ्यावर नाही. पट्टीवर आहे. लेस्टर, ही मला गुरुवारपर्यंत वापरायला दे."