शिमग्याने नेलेला टाळ

सरकारी कागदावर आमचा सडा, म्हणजे वाडीच्या वरचं कातळी पठार, 'पडीक' म्हणून लागलेला आहे. मला त्या शब्दाची चीड आहे. ज्या जमिनीवर अख्ख्या वाडीची गुरं जगतात, ती पडीक कशी? असं लिहिणाऱ्याने भाद्रपदात एकदा वर येऊन उभं राहावं. गुडघाभर गवत, कातळाच्या खळग्यांत साचलेलं पाणी, त्यात बोटाएवढी जांभळी फुलं, आणि पश्चिमेला माडांच्या शेंड्यांवरून दिसणारी समुद्राची पट्टी. खाली उतरताना त्याच्या हातून तो शब्द आपोआप खोडला जाईल.

पण माघात त्याला वर आणायची मला लाज वाटली असती. सडा कुणा एकट्याचा नव्हता, सगळ्या वाडीचा होता, आणि सगळ्या वाडीने त्याला ओरबाडून ठेवलं होतं. पावसाळ्यात सकाळी ज्याची त्याची गुरं वर जायची आणि वाटेल तिथे पांगायची. भात कापून झालं की राखणही थांबायची, गुरं मोकाट. गोड गवत आधी खायची. त्याला कुठे फुटवा आला की पुन्हा तेच खायची. ते मुळापासून संपलं की उरायची ती कुसळं. वैशाखात गुरं करवंदीच्या जाळ्या चाटत फिरायची आणि जूनमध्ये तीच गुरं आम्ही जोताला जुंपायचो.

आमच्या वाडीत पुरुष म्हणजे म्हातारे, नाहीतर मुंबईहून पत्र पाठवणारे. माझे वडील गिरणीत होते. बोटीने घरी येताना त्यांच्या ट्रंकेच्या तळाला संपाची, सभांची, मोर्चांची पत्रकं अंथरलेली असत. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. परीकथा मला फार उशिरा भेटल्या. त्याआधी मला 'बंधूंनो, जागे व्हा' हे वाक्य पाठ होतं. मॅट्रिक होऊन मी घरी बसले तेव्हा जागं करायला समोर होती ती माणसं म्हणजे वाडीतल्या बायका, आणि त्या माझ्या कितीतरी आधी उठत असत.

त्यांतलीच एक माझी काकी. चुलते लवकर गेले. काकीची शेती वेगळी, बैलजोडी वेगळी, चूल मात्र आमच्याबरोबर. तिचं माहेर वैभववाडीकडचं, घाटाच्या पायथ्याचं. आदल्या पावसात चिखलणी चालू असताना तिचा तांबडा बैल खालच्या कुणग्यात बसला. कुणगा म्हणजे भाताचा वाफा. बैल बसला तो उठेना. पोटाखाली बांबू घालून त्याला उभा केला, पण त्या दिवशी जोत सुटलं ते सुटलंच. तो कुणगा त्या वर्षी तसाच राहिला, चिखलाचा, मोकळा. काकी रोज त्याच्या बांधावरून जायची आणि त्याच्याकडे बघायची नाही.

पुन्हा बैल बसला असता तर तिचं जोत मोडलं असतं. जोत मोडलं की शेती दुसऱ्याला करायला द्यायची आणि मळणीला आपल्याच खळ्याच्या कडेला पाहुण्यासारखं उभं राहायचं. काकीला तेवढं एक नको होतं.

"बैल म्हातारो झालो," असं लोक म्हणाले.

"म्हातारो नाय. उपाशी आसा," काकी म्हणाली.

गणपती झाल्यावर तिने विहिरीवर विषय काढला. सड्याचे तुकडे पाडायचे. भिंत नको, कुंपण नको. इकडे व्हाळाचा ओढा, तिकडे जांभ्या दगडाची रांग, पलीकडे करवंदीच्या जाळ्या, ह्याच हद्दी. सगळ्या घरांची गुरं एक कळप करून एका वेळी एकाच तुकड्यात घालायची, पांगू द्यायची नाहीत. गवत मूठभर उंचीचं उरलं की कळप पुढे. मागच्या तुकड्याकडे तो पुन्हा भरल्याशिवाय वळायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा तुकडा मुळीच उघडायचा नाही. त्यातलं गवत बी टाकील, वाळेल, उभ्या उभ्याच राहील. ती गुरांची वैशाखाची बेगमी. राखण पाळीपाळीने, प्रत्येक घराची.

शेजारची वहिनी कळशी घासता घासता हसली. "काकी, तुझ्या म्हायारचे धनगर ह्यां करतत. आमी काय धनगर?"

"धनगराची म्हस बघलस कधी?"

"बघलंय."

"आणि आपली गोरवां? दुरसून फासळ्यो मोजूक येतत."

वहिनीच्या गाईच्याही येत होत्या. पुढे सगळ्यांत आधी पाळी तिनेच घेतली.

माझा जीव ह्या बेतावर का जडला, ते सांगायला नको. पत्रकांतला 'सामुदायिक' हा शब्द मी प्रथमच शेपट्या हलवत चालताना पाहत होते.

राखून ठेवलेल्या तुकड्याच्या तोंडाशी एक खांब रोवला आणि त्याला आंब्याचा टाळ बांधला. टाळ म्हणजे पानांसकट डहाळी. ती दिसली की आत गुरं घालायची नाहीत, ही आमच्याकडची जुनी खूण. वाटेत काट्यांचा भारा टाकला. काकीचे चुलत दीर वाडीतर्फे गाऱ्हाणं घालत, त्यांनी नारळ ठेवून देवाला हाक मारली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळ्यांनी म्हटलं.

"आज जो ह्यो सड्याचो तुकडो तुझ्या नावान राखलेलो आसा, त्याका वैशाखाच्या आदी कोणा गोरवाचा तोंड लागता नये!"

"व्हय म्हाराजा!"

"लागला, तर राखण सुटली आणि सडो सगळ्यांका मोकळो!"

"व्हय म्हाराजा!"

ह्या शेवटच्या 'व्हय'च्या वेळी काकीचा आवाज मला ऐकू आला नाही.

हिवाळा चांगला गेला. कळप एकत्र राहायला शिकला. उघडून बंद केलेल्या तुकड्यांत दवावर पुन्हा थोडी हिरवळ धरली. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेहून काकीने तांबड्या बैलासाठी घुंगुरमाळ आणली. "खायल्याशिवाय नटणारो नाय तो," असं म्हणत तिनेच ती त्याच्या गळ्यात बांधली. राखलेल्या तुकड्यात गवत सोन्यासारखं वाळून उभं होतं. वारा आला की ते सगळं एकदम एका बाजूला कलायचं. कुणी टाळ ओलांडला नाही. टाळाची पानं वाळून खडखडत होती, पण ती खूण सगळ्यांना कळत होती.

सगळ्यांना म्हणजे आम्हाला. मुंबईकरांना ह्या वर्षीची राखण ठाऊक नव्हती.

शिमग्याला वाडीतली तरुण मंडळी बोटीने आली. होळीसाठी लाकूडफाटा पळवायचा असतो. कुणाचा वासा, कुणाचं कवाड, कुणाचा गवताचा भारा. त्याला चोरी म्हणत नाहीत, आणि ज्याचं गेलं त्याने तक्रार करायची नसते. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आणि मी सड्यावर गेलो तर खांब नाही, टाळ नाही, काट्यांचा भाराही नाही. वाळलेला चांगला खांब, वाळलेला टाळ, वाळलेले काटे. होळीला ह्याहून बरं काय मिळणार?

आणि सणाच्या दिवसांत कुणाची पाळी नाही, म्हणून गुरं मोकळी. आमची होती, पलीकडच्या वाडीचीही होती. राखलेल्या गवतात ती पोटापर्यंत बुडाली होती.

काकीने पदर खोचला आणि एकेका गुराला नावाने हाक मारत, पाठीवर थापटत बाहेर काढू लागली. मी दुसऱ्या बाजूने. तांबडा बैल सगळ्यांत आत होता. घुंगुरमाळ वाजली म्हणून सापडला. तोंडात गवत धरून तो काकीकडे बघत राहिला. तिने त्याला तेवढा घास संपवू दिला.

तोंडाकडचा मोठा पट्टा आडवा झाला होता. आतलं गवत बरंचसं उभं होतं. पण हाकाटी ऐकून वर आलेल्या वहिनीने जे म्हटलं ते खरं होतं.

"काकी, तोंड लागला. आता राखण सुटली. रवलेला तरी सगळ्यांच्या गोरवांका मिळांदे."

ती वाईट नव्हती. तिच्या गोठ्यात व्यायला आलेली गाय होती. बाकीच्या बायकाही तेच म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत सडा मोकळा झाला असता आणि वैशाखात पुन्हा करवंदीच्या जाळ्या.

घरी येऊन मी दौत काढली आणि पत्रक लिहिलं. 'शेतकरी बंधूंनो! रूढीच्या नावाखाली आपल्या गुरांच्या तोंडचा घास पळवला जात आहे!' असं बरंच. काकीला वाचून दाखवलं. तिने नीट ऐकलं.

"बंधूनोच कित्याक गो? हयसर गोरवां कोण बघता?"

मी 'भगिनींनो' घातलं.

"आता बरा झाला. पण गोरवांका वाचूक येत नाय," ती म्हणाली, आणि अंगणात निघून गेली. बाहेर ढोल वाजत होता.

मुंबईकर शबय मागायला आले होते. शिमग्यात दारोदार जाऊन हक्काने मागायचं ते दान म्हणजे शबय. तोंडं रंगलेली, एकाने बायकोचं लुगडं नेसलेलं. मागे काकीचे दीर ढोल घेऊन. "शबय, शबय!" असा गलका झाला. काकी तुळशीपुढे उभी राहिली आणि तिने पदरच पसरला.

"औंदा माका शबय व्हयी."

सगळे हसले. लुगडंवाला पुढे झाला. तो आमच्याच घराण्यातला, गिरणीत वडिलांच्या खात्यात कामाला. "काकी, होळयेक गेलेला लाकूड परत मागूचा नसता हां!"

"लाकूड कोण मागता, मेल्या? ता जळान गेला. माका राखण व्हयी. तुमची बोट सुटासर सड्यावर रवा."

"आमी सुट्टयेक इलो आसो, काकी!"

"बैलाक खंय सुट्टी आसा?"

पुन्हा हसू आलं, पण ह्या वेळी थोडं कमी. शिमग्याला अंगणात मागितलेली शबय नाकारायची नसते. रिकाम्या पदराला पाठ दाखवून जाणं वाईट. ते आपल्या हक्काने आले होते आणि काकी त्यांचाच हक्क त्यांच्यापुढे धरून उभी होती. लुगडंवाल्याने मागे पाहिलं. दिरांनी ढोल खाली ठेवला.

"मागला तर देऊक व्हया, झिलांनू. रीत आसा."

"आणि गाराण्याचा काय?" कुंपणापलीकडून वहिनीने विचारलं. "सुटली म्हणजे सुटली ना राखण?"

दिरांनी डोकं खाजवलं. "टाळ कोणा गोरवान पाडूक नाय. टाळ होळयेन नेल्यान. होळयेक गेला ता देवाक गेला. देवान नेलेलो टाळ देवाकच सांगान परत बांधूया. तोंड लागलेलो पट्टो सोडूया, रवलेलो राखूया."

वहिनी काकीकडे वळली. मग म्हणाली, "पट्ट्यात माझी गाय पयली."

"तुझीच पयली," काकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला नवा खांब आणि नवा टाळ बांधला. मुंबईकर वर आले. काकीने त्यांना सांगितलं की जे मोडलं ते मोडलं, आता सगळी गुरं त्या पट्ट्यातच दाटीने राखा, सगळं संपू दे, आणि मग तिकडे पावसापर्यंत कुणी फिरकू नका. गिरणीतल्या यंत्रांपुढे उभं राहणारी ती माणसं काठ्या घेऊन गुरांभोवती उन्हात उभी राहिली, आणि त्यांना ते आवडू लागलं. एकाने सूर लावला. लुगडंवाल्याने माझं पत्रक मागून घेतलं, दगडावर उभा राहून कळपापुढे मोठ्याने वाचलं, 'बंधू-भगिनींनो!' म्हणताना गाईंकडे हात केला. एका पाड्याने पत्रकाचा कोपरा खाल्ला. उरलेलं त्याने घडी करून खिशात घातलं, माझ्या वडिलांना दाखवायला. बोटीच्या दिवशी कट्टा गावात बंदराची गाडी धरायला जातानाही ते सड्याच्या वाटेने वळून गेले.

वैशाखात टाळ सोडला. उभं वाळलेलं गवत कळपाने थोडं थोडं करून खाल्लं आणि ते मिरगापर्यंत पुरलं.

त्या पट्ट्याची मात्र कुणाला आशा वाटत नव्हती. खुरांखाली गवत झोपलं होतं, वर शेण, मूत, सगळा चिखल्या रंग. पण लावणीच्या दिवसांत वर गेलो तर सड्यावर सगळ्यांत दाट, सगळ्यांत गडद तोच होता. बी खुरांनी मातीत दाबलं होतं, आडव्या गवताने ओल धरून ठेवली होती. काकी त्यात अनवाणी चालली आणि म्हणाली, "बघ गो, मोडान पण येता. फक्त मगे सोडूक व्हया." पुढच्या वर्षीपासून आम्ही कळप आणखी दाट राखू लागलो.

पण त्याआधी चिखलणी झाली. जोत दीर धरत होते. काकी बांधावर तरव्याच्या रोपांच्या मुठी बांधत होती, मी शेजारी. वरचे कुणगे झाले. तांबडा बैल खालच्या कुणग्यात उतरला, एक फेरा घेतला, आणि आदल्या वर्षी जिथे बसला होता त्याच कोपऱ्यात येऊन थांबला.

काकीच्या हातातली मूठ सुटली. रोपं पाण्यात पसरली. पलीकडच्या बांधावर वहिनी उभी राहिली.

"काय झाला, भावोजी?" काकीने विचारलं.

दिरांनी नांगरावर रेलून पावसात टोपी पिळली.

"काय होवचा आसा? मुतता आसा. जरा उबो रवांदे त्याका."

बैलाने निवांतपणे आपलं काम आटपलं, मान हलवली, घुंगुरमाळ वाजली, आणि तो फाळ ओढत चिखलातून पुढे गेला. काकीने पाण्यात वाकून रोपं एकेक करून गोळा केली.