शिखरावरचा कूलर

“भाऊ, तुमचं शिखर वाळून राहिलं,” किसनभाऊ माळी म्हणाला. “शेवाळ पाहा, पापड झालं.”

साल सत्तरच्या पुढचं, महिना मे. मी नागपुरात उद्यान खात्यात सहायक होतो, तोही हंगामी. सुट्टीतल्या मुलांसाठी आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये उष्ण प्रदेशातलं एक बेट उभारलं होतं. बांबू, तरट आणि मातीचा नऊ फुटी डोंगर. अशा बेटावर झाडोऱ्याचे पट्टे असतात. काठच्या चिखलात खारफुटी, वाळूवर नारळ आणि केवडा, उतारावर दाट सदाहरित जंगल. आणखी वर हवा गार होते, ढग टेकतात, झाडं खुजी होतात आणि खोडांवर शेवाळ व नेचे वाढतात. शेवाळ आम्ही पचमढीहून आणलं होतं.

मी थर्मामीटर लावला. पायथ्याशी सदतीस, शिखरावर सेहेचाळीस. शिखर पत्र्याला जवळजवळ टेकलं होतं. आमचं बेट उलटं तापत होतं.

आमचे बोरीकर साहेब आले. “काहून वाळलं हे?”

“वर जास्त गरम आहे, साहेब. शेवाळ खाली आणून नारळ वर नेऊ का?”

“शिखरावर नारळ? पोरं हसतील. शनिवारी मुंबईचे मोठे साहेब येऊन राहिले. शिखर हिरवं दिसलं पाहिजे, नाही तर तुम्हाला कायम करायची शिफारस विसरा.”

घरात खाणारी पाच तोंडं होती. मी धीर केला. “मग कूलर लागेल.”

“मग लावा ना!”

“ऑफिसात एकच आहे, साहेब. तुमच्या केबिनमध्ये.”

साहेबांचा चेहरा त्या वाळलेल्या शेवाळासारखा झाला. पण मुंबईचं भय मोठं होतं.

शिखरामागे, जरा खालच्या अंगाला बांबूचं मचाण बांधून चौघांनी कूलर त्यावर चढवला. वाळ्याच्या ताट्यांतून ओली, गार हवा सुटली. शिखर एकोणतीसवर आलं. शेवाळ हिरवं झालं. दुसऱ्या दिवशी मचाणावर एक खुर्ची आली, मग टेबल, मग फायली आणि शेवटी स्वतः साहेब.

“देखरेख करून राहिलो,” ते वरून म्हणाले. दुपारपर्यंत हेडक्लार्कही टाइपरायटर घेऊन वर गेले.

किसनभाऊनं मान वर करून विचारलं, “हा कोणता पट्टा गा, भाऊ?”

शनिवारी मोठे साहेब घामानं निथळत आले. मी खारफुटीची मुळं दाखवायला वाकलो. ते नारळ टाळून, जंगलाकडे न पाहता, थेट मचाणावर चढले. नेच्यांमागून बोरीकर साहेब फाईल घेऊन उभे राहिले. मोठे साहेब दचकले.

“हे इथंच असतात?”

“गारवा असेपर्यंत,” मी खरं तेच सांगितलं.

मोठे साहेब रिकाम्या झालेल्या खुर्चीत बसले. “इथूनच सांगा.”

मी काठापासून सुरुवात केली. सदाहरित जंगलात पोचलो तेव्हा ते घोरत होते. जाग आल्यावर त्यांनी शेवाळावर बोट फिरवलं. “ओलं आहे. व्हेरी गुड.”

त्या महिन्यातच मी कायम झालो. कूलर मात्र पावसाळ्यापर्यंत शिखरावरच ठेवा, असा हुकूम निघाला. बोरीकर साहेबही तिथंच राहिले. पाहायला आलेल्या एका मुलीनं वहीत लिहून घेतलं: शिखरावर शेवाळ, नेचे व एक साहेब आढळतात.

कुठल्या उंचीवर काय उगवतं, हे पुस्तकात असतं. तरी आधी थर्मामीटर लावून पाहावा. गार हवेत शेवाळाआधी साहेब रुजतो.