पाच पायांची तोफ आणि तात्यांचे कान

अन्याय झाला तो दत्ताराम घाडी यांच्यावर. केव्हा? गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी पावणेअकराला, पोलीस चौकीत. त्यांना मरून तेव्हा अडीच तास झाले होते. मुलुंडला आमच्या चाळीच्या तोंडाशी एक ट्रक मागे येत होता आणि तात्या, म्हणजे हेच दत्ताराम, दूध घेऊन, ट्रककडे पाठ करून चालले होते. हवालदाराने पंचनाम्यात लिहिलं, 'क्लीनर ओरडत असूनही इसम बाजूला झाला नाही. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मयत.' मी टेबलावर हात आपटला. "अहो, ते ठार बहिरे होते!" हवालदाराने मान वर न करता विचारलं, "तसा कागद आहे का?" कागद नव्हता. तो का नव्हता, तेच सांगतो.

तात्या आमचे शेजारी. मालवणकडचे, गिरणीत जन्म काढलेले. मी पत्रकं वाटत हिंडायचो म्हणून मला पुढारी म्हणायचे. "काय पुढारी, आज कोणाक पाडतलास?" युद्धविरोधी पत्रक काढायचं म्हणून एका रविवारी वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो, तेव्हा कळलं की इंग्रजांच्या फौजेत असताना ते सिंगापूरला जपान्यांच्या हाती सापडले होते. तिथून बोटीत कोंबून त्यांना न्यू ब्रिटन बेटावर, रबौलला नेलं. विमानविरोधी तोफांसाठी खड्डे खणायचे, गोळ्यांच्या पेट्या वाहायच्या. युद्धकैद्याला लढाईच्या कामाला जुंपू नये असा नियम आहे जगात... तो रबौलला कोण वाचणार? तोफ जमिनीवर रोवायला तिला पाच पाय होते. तात्या तिची खेकड्याशी तुलना करून हसायचे, "कुर्लेक धा पाय, हेका पाचच. अर्धी कुर्ली!"

मी नंतर ग्रंथालयात बसून त्या तोफेबद्दल वाचलं. पंचाहत्तर मिलिमीटरची. जपानी सैन्याने ती १९२८ साली स्वीकारली. त्यांच्या गणतीने ते साल २५८८, म्हणून तिचं नाव 'अठ्ठ्याऐंशी'. आधीच्या तोफेहून सरस, चहूबाजूंना फिरणारी. पण ती घडली तेव्हा आकाशात लाकूड-कापडाची विमानं होती. युद्ध पेटलं तोवर विमानं कितीतरी वेगाने आणि उंचावरून यायला लागली, तोफ मात्र तीच. वेळ पडली की नळी खाली करून रणगाड्यांवरही तीच डागायची. नेम लागेना, मग भडिमार वाढवायचा. आणि गोळा पुढे करणारा कैदी नळीपासून चार हातांवर उभा. तोफेवरचे शिपाई कानांत कापूस कोंबायचे. कैद्याला कापूस कशाला? "तिसऱ्या दिवशी कानातून पाणी इला," तात्या म्हणाले. "चौथ्या दिवशी गोळो सुटलेलो दिसलो, आयकाक इलो नाय."

परत आल्यावर कामगार भरती करणाऱ्या एका गाववाल्या जॉबरने त्यांना गिरणीत चिकटवलं. लूमखात्यात मशिनांच्या खडखडाटात कोणालाच काही ऐकू येत नाही, सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. बहिऱ्या माणसाला याहून झकास जागा नाही! अडचण एकच, भरतीचा डॉक्टर. जॉबरने पढवलं, "आधी नाव विचारतो, मग गाव, मग वय. त्याचं तोंड हललं की ओळीने सांगत सुट." तात्या सांगत सुटले. डॉक्टरने लिहिलं, 'कान उत्तम.'

त्या दोन शब्दांनी पुढे वाट लावली. आम्ही बहिरेपणाचा दाखला मागितला, तेव्हा फौजेच्या कचेरीने कळवलं की गिरणीत लागताना कान उत्तम होते, सबब बहिरेपण गिरणीतलं. गिरणीने कळवलं, आमच्याकडे अशी नोंद नाही, फौजेत विचारा. चार खेपा झाल्या. शेवटी फौजेच्या कचेरीतले एक साहेब म्हणाले, "त्या तोफेवर तुमच्याबरोबर असलेला साक्षीदार आणा." मी ते ओठ हलवून तात्यांना सांगितलं. तात्या साहेबांकडे बघत म्हणाले, "दोघांका तर मीच पुरलंय, सायबा. बाकीचे खंय गेले, देवाक म्हायत."

तात्यांची बायको, माई, अजूनही काही सांगायचं झालं की आधी त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहते आणि मगच तोंड उघडते... परवा मला म्हणाली, "चाळीस वर्सां आयकल्याशिवाय जगले. निष्काळजी माणूस जगलो असतो काय रे? तेवढो शब्द खोड." माझ्याने तो खोडला जात नाही. त्याला तात्या तोफेवरच बहिरे झाल्याची साक्ष लागते, आणि ती तुमच्याकडे असू शकते.

सिंगापूरला पकडला गेलेला, बेटांवर नेलेला कोणी म्हातारा तुमच्या घरात, शेजारात किंवा गावी असेल. हे वाचताय ती वर्तमानपत्राची पुरवणी बाजूला ठेवा आणि त्याच्यापाशी जाऊन बसा. रबौलच्या तोफांवर कोण कोण राबत होतं, विचारा. दत्ताराम घाडी होता का, विचारा. सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा, खाली त्याची सही नाहीतर अंगठा घ्या आणि या पुरवणीच्या पत्त्यावर पाठवा. ही माणसं आता भराभर चाललीत. आजच विचारा.