पुलाचे राखणदार

मुलांनो, आमचे शेजारी दत्ताभाऊ यांना मी प्रत्यक्षात पाहिलं त्याहून जास्त वेळा चौकातल्या फ्लेक्सवर पाहिलं आहे. एक फ्लेक्स उतरायचा तो दुसरा चढवण्यासाठीच. त्यावर कानाला मोबाईल लावलेले दत्ताभाऊ, आणि खाली 'भावी जिल्हा परिषद सदस्य'.

महाळुंग्याजवळ नदीवरचा नवा पूल बांधून, रंगवून तयार झाला, तेव्हा उद्घाटनाला त्यांच्या पक्षाच्या साहेबांना वेळ नव्हता. म्हणून पुलाच्या तोंडाशी पिंपं लावली गेली आणि दत्ताभाऊंनी शेजारी खुर्ची टाकली. त्यांचं निवडणुकीचं तिकीट साहेबांच्याच हातात होतं. शिफ्टला निघालेली पोरं विनवायची, "भाऊ, जुन्या पुलावर कंटेनर अडकलाय. जाऊ द्या ना राव."

दत्ताभाऊ मांडी न हलवता सांगत, "मुहूर्ताआधी नवरी नेत्यात का कुणी? साहेबांची कात्री लागंस्तवर थांबायचं."

एका दुपारी त्यांच्या आईच्या, पारूबाईंच्या छातीत कळ आली. मी गाडी काढली, दत्ताभाऊ माझ्या शेजारी बसले. हॉस्पिटल नदीपलीकडे, आकुर्डीला. जुना पूल तुंबलेला. मी सरळ पिंपांसमोर गाडी नेऊन उभी केली. दत्ताभाऊ खाली उतरले आणि, तुमचा विश्वास बसणार नाही, परवानगीसाठी त्यांनी साहेबांच्या पीएला फोन लावला.

"मीटिंगमधी हायेत म्हणं साहेब. वाईच थांबू, काकू."

मागच्या सीटवरून पारूबाई कण्हत म्हणाल्या, "दत्त्या, मी मेल्याव तुजा सायब कात्री घिऊन मसणात येनार हाय का?"

दत्ताभाऊंनी फोन खिशात घातला आणि पिंपं ढकलली. आमच्या मागोमाग तुंबलेल्या सगळ्या दुचाक्या पुलावर सुटल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला. आम्ही हॉस्पिटलात पोचायच्या आत तो साहेबांपर्यंत पोचला होता.

पारूबाई बऱ्या झाल्या. तिकीट साहेबांच्या मेव्हण्याला मिळालं. त्या दुपारपासून वाहता झालेला पूल उद्घाटनाच्या सकाळी बंद करून फीत बांधली. पिंपं परत लावायला दत्ताभाऊंनाच बोलावणं आलं, आणि ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेले.

तेव्हापासून भेटतील तिथे त्यांची एकच तक्रार. परवाही ओट्यावर बसून म्हणाले, "काकू, त्या दिवशी तुमी गाडी थेट नव्या पुलाव घातली नसती, तर आज मी सदस्य असतो."

शेजारी पारूबाई पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "व्हय बाबा. लई नुकसान झालं तुजं."