तात्यांची मिशी आणि माझं पार्लर

माझ्या सासऱ्यांची मिशी मी उडवली होती. तीही त्यांची आई जिवंत असताना.

आमच्याकडे मिशी आईबाप गेल्यावरच उतरवतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना आत्ताच घाम फुटला असेल.

आज सकाळी तात्या गेले.
घरात माणसं भरली आहेत. सगळे त्यांच्या शेतीबद्दल, शिस्तीबद्दल बोलतायत. मिशीबद्दल कुणी बोलणार नाही, म्हणून मी लिहितेय.

लॉकडाऊनच्या आधी बारामतीत माझं छोटं लेडीज पार्लर होतं. आमच्या गावाहून, सणसरहून, रोज स्कूटीवर जायचे. तात्यांना ते अजिबात पसंत नव्हतं.

"लोकांच्या बायांच्या भुवया कोरायला शिकवलंय व्हय तुला बापानं?"

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, सोडा.

मग सगळंच बंद झालं. तात्या ओट्यावर बसून म्हणाले, "बरं झालं. आता कायमचंच मिटव."

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. पण तेव्हा बसले. तात्या नाही म्हणाले की संतोष, म्हणजे माझा नवराही नाहीच म्हणणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

गावातलं सलूनही बंद. महिन्याभरात तात्यांची दाढी अशी वाढली की त्यांनी आरशात बघायचं सोडलं. रोज इस्त्रीची टोपी घालून बाहेर पडणारा माणूस, उसाकडेही जाईना. संतोषला जवळ येऊ देईनात, कारण त्याने स्वतःचाच गाल दोनदा कापून घेतला होता.

मी म्हटलं, हाच चान्स.

"तात्या, मी करू का?"

तात्यांनी दाढीवरून हात फिरवला. मग, "कर. पर कुणाला सांगायचं न्हाय."

प्लॅन साधा होता. दाढी गुळगुळीत करायची, माणूस खूश झाला की लगेच विचारायचं, तात्या, लॉकडाऊन उठल्यावर जाऊ का परत पार्लरला?

दाढी फर्स्टक्लास झाली. माझा हात आहेच तसा.
मग म्हटलं, मिशीही जरा लेव्हल करू. नवऱ्याचा ट्रिमर घेतला. त्याचं पुढचं प्लास्टिक निसटलं आणि उजवी बाजू साफ.

अर्धी मिशी घेऊन माणूस कुठे जाणार? उरलेली मीच काढली. 

तात्यांनी आरसा मागितला. बघितलं. आरसा पालथा ठेवला आणि आत निघून गेले.

पार्लरचं विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी कालव्याच्या रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी त्यांना लांबून पाहिलं. तासाभरात कऱ्हाटीहून तात्यांच्या बहिणीचा फोन. नुसता हंबरडा.

"आई गेली आन मला कळवलं बी न्हाय! कोरोनानं गेली व्हय?"

नव्वदीच्या आमच्या आजींनी फोन हातात घेतला.

"आगं, मी जेवतीया. नंतर रड."

त्या दिवशी तात्यांनी मास्क लावला, तो मिशी येईपर्यंत घराबाहेर काढला नाही. अख्ख्या सणसरमध्ये एकटा शेतात पाणी धरतानाही मास्क लावणारा एकच माणूस! ग्रामपंचायतीने स्पीकरवरून त्यांचं उदाहरण दिलं. शपथ.

चौथ्या दिवशी मला हाक आली. म्हटलं, संपलं. आता पार्लरचं नावच काढायला नको.

तात्या खुर्ची टाकून बसलेले.
"बिघडीवलंस ते तूच नीट कर."

मग दर चार दिवसांनी तोच कार्यक्रम. गरम पाण्यातला टॉवेल, दाढी, तुरटी, खोबरेल तेलाने डोक्याला मालिश. येणारी मिशी जरा जरा कातरायची. फक्त कात्रीने!

एकदा टॉवेलखालूनच त्यांनी विचारलं, "बाया येवढ्या लांबनं काय कराया येत्यात गं तुझ्याकडं? नुस्त्या भुवयांसाठी?"

मी म्हटलं, "तात्या, तासभर त्यांना कुणी चहा मागत नाही. डोळे मिटून पडायला मिळतं. भुवया आपल्या नावाला."

 दाढी झाली तरी उठले नाहीत.
"आजून जरा टावेल असू दे," एवढंच म्हणाले.

दुकानं उघडायची परवानगी आली. त्या सकाळी मी विचारायची हिंमत गोळा करत होते, तर अंगणात मोटारसायकल चालू झाली.

"चल की. कुलूप गंजलं आसंल, तेल घे संगं."

शटर त्यांनीच वर केलं.

तेव्हापासून पार्लर सुरू आहे. पाहुण्यांत कुणी तोंड वाकडं केलं तर तात्याच त्यांना ऐकवायचे. मला कधी बोलावं लागलं नाही.

गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. मग दर रविवारी त्यांची दाढी मीच करायचे. ओट्यावर, सगळ्यांसमोर.

या रविवारी दाढी झाली, मी सामान आवरायला लागले. म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते. हितं बस, माझ्याम्होरं."

बसले.

"पदर घे खाली."

लग्नाला चौदा वर्षं झाली. तात्यांसमोर माझ्या डोक्यावरचा पदर कधी खाली आला नव्हता. दाढी करतानाही नाही. मला काय करावं सुचेना. पण घेतला खाली.

त्यांनी डाव्या हाताने कंगवा उचलला. तोही हात आता नीट चालत नव्हता. माझ्या केसांतून दोन-तीनदा फिरवला. गुंता लागला तिथे थांबले, हळूहळू सोडवला.

"समद्या बारामतीचं केस बघतीस. तुझं कोण बघतं गं?"

मी रडत होते. ते विंचरत राहिले.

तात्या, फार माया केलीत. तुमच्या सुनेचा शेवटचा नमस्कार.